वळणाचा खिळा

१

सोमवारी सकाळी मी कालव्याच्या रस्त्यावर वळणाच्या जागी पोहोचलो, तेव्हा खिळा जागेवर नव्हता.

डांबरावरचं पिवळं कडं तसंच होतं. कड्याच्या मधोमध एक भोक होतं आणि भोकाच्या कडेचं डांबर उचकटलेलं होतं. खिळा आपण होऊन निघाला नव्हता. कुणीतरी खाली पेचकस घालून तो उपटला होता.

आमच्या मांडवी धावक मंडळाची शर्यत त्या खिळ्यावर उभी होती. ओतूरहून निघायचं, कालव्याच्या कडेनं जायचं, खिळ्याला वळसा घालून त्याच वाटेनं परत यायचं. जाऊन-येऊन एकवीस किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. अर्धी मॅरेथॉन एवढीच असते. कमी भरली तर वेळ धरत नाहीत, आणि जास्त भरली तर पळणाऱ्याचं नुकसान.

आदल्या दिवशी, रविवारी, हिरा या शर्यतीत मुलींमध्ये पहिली आली आणि हरली.

हिरा माझ्या पुतण्याची, बहिरूची मुलगी. गाव बोरी बुद्रुक. कॉलेजसाठी तीन वर्षं ओतूरला माझ्या घरी राहिली. आमच्या घराण्यात चालणारे पुष्कळ झाले, मेंढरांमागं आयुष्यभर चालले. पळणारी ही पहिली. पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहात मुलींसाठी एक जागा होती. अट अशी, की मोजलेल्या रस्त्यावर अर्धी मॅरेथॉन एक तास अठ्ठावीस मिनिटांच्या आत पुरी केलेली असावी आणि वय एकविसाच्या आत असावं. अर्ज डिसेंबरअखेरपर्यंत. हिराला एकविसावं जानेवारीत पुरं होत होतं. त्याआधी आमच्या बाजूला मोजलेल्या रस्त्याची दुसरी शर्यत नव्हती.

बहिरूनं तिला सांगितलं होतं, "एकदा पळ. झालं तर पुन्याला जा, मी आडवा येणार न्हाई. न्हाई झालं तर आळेफाट्याला कांद्याच्या शेडवर निवडणीला लागायचं. मुकादमाला शब्द दिलाय मी."

हिराची वेळ लागली एक तास अठ्ठावीस मिनिटं आणि एकोणीस सेकंद.

एकोणीस सेकंदांत माणूस चपला घालतो. तेवढ्यानं तिचं पुणं गेलं. बहिरू चुन्याच्या रेघेपाशी उभा होता. तो ओरडला नाही, चिडला नाही. पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "सोमवारी न्हाई, मंगळवारी जाऊ शेडवर. एक दिस पाय शेक."

पण तिथंच कुजबुज सुरू झाली होती. हाताला घड्याळ बांधून पळणारे नऊ जण होते, आणि एकाच्याही घड्याळात एकवीस-एक, म्हणजे एकवीस किलोमीटर शंभर मीटर, आलं नव्हतं. कुणाचं एकवीस-तीन, कुणाचं एकवीस-चार. मंडळाचे सचिव सुदर्शन सर, शाळेत कसरतीचे शिक्षक, सगळ्यांना समजावत होते की घड्याळं नेहमीच थोडं जास्त दाखवतात, त्यावर जाऊ नका. समजावता समजावता मधेच ते वळले. सायकल काढली आणि बक्षीस वाटायलाही थांबले नाहीत.

घरी हिरा घमेल्यात पाय बुडवून बसली होती. मी तिला म्हणालो, "रस्ता जास्त व्हता पोरी. कुणीतरी केलंय हे. ज्यानं केलं त्याला तुझ्यापुढं आणून उभा करतो."

"उभा करून काय करू तात्या?" ती म्हणाली. "आरती ओवाळू?"

"तोंडानं कबूल करंल तो."

तिनं पाय घमेल्यातून बाहेर काढले. मग म्हणाली, "आणा. बघू तरी कोण हाय."

२

माझी नोकरी मोजणी खात्यात गेली. साहेब कागद बघायचे, मी साखळी ओढायचो. अक्षरं मी चाळिशीत शिकलो, ती दगडांवरचे आणि नकाशावरचे नंबर वाचायला. बांध कोरणारा माणूस कसा बोलतो, दगड सरकवणारा नजर कुठं ठेवतो, हे छत्तीस वर्षं पाहिलं होतं. म्हणून वाटलं, हे प्रकरण आपल्याला अवघड नाही.

रस्ता मोजला गेला तेव्हाही मी होतो. ते नोव्हेंबरच्या तीन तारखेला. सुदर्शन सरांच्या सायकलच्या पुढच्या चाकाला एक यंत्र आहे. चाक फिरेल तसे त्यात आकडे पडतात. आधी सरळ रस्त्यावर बरोबर तीनशे मीटरची पट्टी आखायची, तिच्यावरून सायकल चारदा न्यायची, आणि तीनशे मीटरला किती आकडे पडतात ते लिहून घ्यायचं. मग त्याच हिशोबानं सगळा रस्ता मोजायचा. त्या दिवशी सरांचा पोलादी पट्टा नेमका तुटला. मी घरून माझी जुनी साखळी आणली. सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची, तेहेतीस फुटी, लोखंडी कड्यांची. तीस साखळ्या मी स्वतः टाकल्या, दोन्ही टोकांना खिळे ठोकले, आणि सर म्हणाले, "तात्या, तुमच्यासारखा हात आता मिळायचा नाही."

खिळ्याच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर गोरक्षची चहाची टपरी आहे. रविवारी वळणावरचा लाल शंकू त्याच्याच ताब्यात होता. पहिला संशय त्याच्यावर. शंकू पन्नास पावलं पुढं ठेवला की शंभर पावलांचा रस्ता वाढला, आणि वळसा घालणारी गर्दी थेट टपरीपुढं आली.

टपरीवर चार-पाच गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यादेखतच विचारलं, "गोरक्ष, शंकू कुठं ठिवला व्हता?"

"कड्यात. आन् कुठं, डोक्यावर?"

"खरं सांग. तुझा धंदा व्हावा म्हणून पोरीचं नुकसान केलंस का?"

त्यानं गाळणं खाली ठेवलं. "तात्या, वय बगून गप बसतो. पळणारं माणूस चहा पितंय का? एक कप खपला न्हाई रविवारी. उलट माझंच दोन डझन केळं फुकट वाटलं." मग फोन काढून माझ्या नाकापुढं धरला. "हे बगा. घ्या. डोळं फाडून बगा."

त्यात हिरा वळसा घालताना दिसत होती. वेणी उडालेली, तोंड उघडं. शंकू पिवळ्या कड्याच्या बरोबर मधे होता.

मग कडंच कुणी नवं काढलं असेल. सरांच्या वहीत मी स्वतः वाचलेलं होतं: कालव्याच्या लोखंडी दारापासून पुढे चार मीटर. मी दारापासून मोजलं. चार मीटरच भरलं. शंकू बरोबर, कडंही बरोबर.

मी खाली बसलो. गिऱ्हाइकं हसत होती. गोरक्षनं तरी चहा दिला. त्याला मी नोकरीत असल्यापासून ओळखतो. टपरीमागची जमीन त्याची.

"किती हाय रं ही?" मी उगाच विचारलं.

"बावीस आर. म्हंजे बावीस गुंठं. तुमच्याच हापिसात तर उतारा काढला व्हता." तो जवळ आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "तात्या, माझ्यावर काय येता? खिळा कुणाच्या बोर्डापुढं ठोकलाय ते बगा की. सगळं फोटो तिथंच निघालं."

मी वर पाहिलं. कड्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, मोठा निळा बोर्ड होता. खाली नाव: भगवंत शेठ.

३

भगवंत शेठ मंडळाचे अध्यक्ष. कालव्याकडेच्या जमिनी प्लॉट पाडून विकतात. मी मनात सगळं जुळवलं. अध्यक्षांनी सरांना सांगितलं असणार, खिळा माझ्या बोर्डापुढं येऊ द्या. सरांनी ठोकला असणार. पळणाऱ्यांचे फोटो आणि मागे प्लॉटची जाहिरात.

त्यांच्या ऑफिसात गेलो तेव्हा ते एका गिऱ्हाइकाला नकाशा दाखवत होते. मला पाहून म्हणाले, "या तात्या. हिराचं वाईट झालं. मी रडलो न्हाई एवढंच."

"बोर्डापुढं खिळा कुणी ठोकायला लावला?"

"बोर्डापुढं खिळा न्हाई ठोकला, खिळ्यापुढं बोर्ड रोवलाय," ते हसून म्हणाले. "चूक न्हाई त्यात. शर्यतीला जाहिरात मीच दिली. वळण कुठं येतं ते सरांनी आधी ठरवलं, मग मी खड्डे घेतले. खोटं वाटतं तर बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात बघा. आमचा पेंटर सही करतो आणि तारीख टाकतो. सवयच हाय त्याला."

मी परत गेलो आणि पाहिलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरची सही आणि एकवीस नोव्हेंबर. खिळा तीन नोव्हेंबरचा. शेठ खरं बोलत होते. बोर्डावर खाली जागेची मापंही होती: एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एक आर म्हणजे १०७६ चौरस फूट. मी ते वाचलं. वाचून पुढं गेलो.

संध्याकाळी शेठ ओतूरच्या स्टँडपाशी भेटले. मी कबूल केलं की त्यांच्यावर उगाच बोट ठेवलं.

"असू द्या हो. माझ्यावर रोज कुणीतरी बोट ठेवतंच. तो ऑफिसातला पावणा तेरा फुटांवरून भांडत व्हता. आर अन् गुंठा एकच, असं कुणीतरी सांगितलेलं असतं याला. मी दोन्ही मापं बोर्डावर लिहूनच टाकली, म्हटलं रोजची कटकट नको."

ते गाडीत बसले. काच खाली घेऊन म्हणाले, "तात्या, तुमी विचारलं न्हाई, पण सांगतो. रविवारी दुपारी मी बोर्ड बघायला गेलतो. तिथं एक माणूस रस्त्यावर गुडघे टेकून काहीतरी उपटत व्हता. मला वाटलं, साफसफाई चाललीय."

"कोण व्हता?"

"सुदर्शन सर."

४

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सर शाळेच्या मैदानावर पोरांकडून कवायत करून घेत होते. बहिरू हिराला घेऊन सकाळच्या गाडीनं शेडवर गेला होता. ती माझ्या घरून पिशवी घेऊन निघाली तेव्हा पळायचे बूट खुंटीलाच राहिले. मी म्हणालो, "बूट?" ती म्हणाली, "शेडवर चप्पल चालती."

तो राग माझ्या डोक्यात होता. सगळ्या पोरांदेखत मी सरांना म्हणालो, "खिळा द्या."

सरांनी शिट्टी खिशात घातली. दुसऱ्या खिशातून खिळा काढून माझ्या हातावर ठेवला. जणू माझी वाटच बघत होते.

"तुमी उपटला?"

"हो."

"का?"

"रस्ता चुकीचा मोजला गेला, तात्या. जास्त झाला. माझी चूक आहे."

"चूक का लपवणूक? खिळा उपटला म्हंजे कुणी परत मोजू नये, असंच ना?"

"हो. असंच."

मला वाटलं होतं ते नाकारतील, मग मी त्यांना कोंडीत धरीन. त्यांनी काहीच नाकारलं नाही. मी नको ते बोललो. म्हणालो, तुमची पोरगी असती तर एवढ्या थंडपणे बोलला असता का? म्हणालो, लिहून द्या. त्यांनी एका पोराकडून वहीचं पान मागून लिहून दिलं: शर्यतीचा मार्ग चुकीचा मोजला गेला. संपूर्ण जबाबदारी माझी. मंडळाच्या सचिवपदाचा राजीनामा देत आहे. खाली सही. मंडळाचा बिल्ला काढून तोही त्यांनी कागदावर ठेवला. कवायत करणारी पोरं खाली मान घालून उभी होती.

घरी येऊन मी कागद परत परत वाचला. हळू वाचतो मी, त्यामुळं काही राहून जात नाही. चूक झाली असं होतं, पण किती झाली ते नव्हतं. कुठं झाली तेही नव्हतं. मोजणीच्या माणसानं आकडा लिहिला नाही, असं कधी होत नाही.

मग त्यांची नोव्हेंबरची वही आठवली. सगळा रस्ता त्यांनी दोनदा मोजला होता, एकदा जाताना आणि एकदा येताना. दोन्हींत फरक होता चार मीटरचा. दोनदा मोजून चार मीटरच्या आत बसवणारा माणूस शेकडो मीटर चुकेल कसा? सायकल चुकलेली नव्हती. सायकलला जे सांगितलं होतं, तेच तिनं दोन्ही वेळा सांगितलं.

मी तसाच उठून सरांच्या घरी गेलो.

"चूक कुठं झाली, तेवढं सांगा."

ते दारातच उभे राहिले. त्यांच्यामागं भिंतीला पोलादी पट्टा टांगलेला होता. नवा, पिवळा.

"तात्या," ते म्हणाले, "माझा कागद घेतलात ना? एवढ्यावर थांबा."

५

चोर पकडला गेला की सुटका वाटते. मला तशी वाटली नाही. सर कुणाला तरी वाचवत होते.

अध्यक्षांना? त्यांचा संबंध नव्हता. गोरक्षला? त्याच्या हातात फक्त शंकू होता. रस्ता मोजण्याच्या कामाला तिसरा माणूस नव्हताच. मी हे सगळं नीट मांडलं आणि तरीही मला दिसलं नाही. स्वतःच्या हाताकडे कोण बघतो?

बुधवारी मी ओतूरच्या दुकानातून तीस मीटरचा नवा पट्टा घेतला. त्याचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. गोरक्षकडे गेलो.

"माझ्यावर आळ घेऊन आता मलाच कामाला लावता व्हय?" तो म्हणाला. पण टपरीवर फळी टाकून आला.

तीनशेची पट्टी गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर होती. दोन्ही टोकांचे माझे खिळे अजून जागेवर. मला खात्री होती की पट्टी बरोबरच निघणार, आणि एकदा ती बरोबर निघाली की सरांच्या वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवता येईल. सुरुवातीच्या खिळ्याला पट्टा लावला. तीस, साठ, नव्वद. दर तिसाला मी खडूची रेघ मारत होतो आणि गोरक्ष मोठ्यानं मोजत होता.

"दहा!" तो ओरडला. "झालं तात्या, तीनशे."

"खिळ्यावर हायेस का?"

"न्हाई. खिळा अजून पुढं हाय."

मी चालत गेलो. तीनशे मीटर पुरे झाले होते, आणि माझा खिळा तिथून पुढं होता. पावणेदोन मीटर.

"पट्टा ढिला धरला असंल," मी म्हणालो. आम्ही पुन्हा मोजलं. पावणेदोन मीटर. उलट्या बाजूनं मोजलं. पावणेदोन मीटर.

"साखळी लांबली असंल तुमची," गोरक्ष म्हणाला. "जुनी हाय."

साखळी पिशवीत होतीच. पट्ट्याशेजारी ताणून ठेवली. तेहेतीस फूट. इंचभरही वाढली नव्हती. साखळी खरी होती. पट्ट्यावर एका बाजूला फूट असतात आणि दुसऱ्या बाजूला मीटर. मी तेहेतीस फुटांच्या रेघेवर बोट ठेवून पट्टा उलटा केला. तिथं दहा मीटर नव्हतं. दहा मीटर आणि पावणेसहा सेंटीमीटर होतं.

मी रस्त्याच्या कडेला बसलो.

"काय झालं?"

"गोरक्ष, तुझं बावीस आर, बावीस गुंठं, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच की. हापिसात. मी इचारलं, ह्यो आर काय असतो. तुमी म्हणला, आर म्हंजे गुंठाच धर."

त्यालाच नाही, मी हजार माणसांना हे सांगितलं होतं. सातबाऱ्यावर आर आले तेव्हा लोक घाबरायचे, जमीन कमी झाली म्हणायचे. मी त्यांना समजावायचो की आर म्हणजे गुंठाच. गुंठा म्हणजे साखळी बाय साखळी. आर म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर. मग साखळी म्हणजे दहा मीटर. वर्षानुवर्षं बोलून ते माझ्या हाडात गेलं होतं. नोव्हेंबरात सरांनी विचारलं, "तात्या, तीनशेला किती साखळ्या?" मी क्षणभरही थांबलो नाही. म्हणालो, तीस. त्यांनी माझ्या शब्दावर तीनशे लिहिलं.

आणि बोर्डावर दोन्ही मापं लिहिलेली होती. १०८९ आणि १०७६. शेठनं ते तेरा फूट तोंडानंही सांगितले. मी वाचलं आणि ऐकलं, आणि दुसऱ्यांत चोर शोधत पुढं गेलो.

बाकीचा हिशोब खडूनं रस्त्यावरच झाला. तीनशेमागं पावणेदोन मीटर जास्त. एकवीस किलोमीटरमध्ये असे सत्तर तीनशे. शर्यतीचा रस्ता एकशे तेवीस मीटर लांब झाला होता. हिरा सेकंदाला चार मीटर पळते. एकशे तेवीस मीटरला तीस सेकंद.

एक तास अठ्ठावीस मिनिटं एकोणीस सेकंदांतून तीस सेकंद गेले. उरले एक तास सत्तावीस मिनिटं एकोणपन्नास सेकंद.

ती अकरा सेकंद आधीच पोहोचली होती.

गोरक्षनं खडूचा हिशोब पाहिला. त्याला कळला की नाही, माहीत नाही. तो म्हणाला, "पुसू का, तात्या?"

६

सरांनी दार उघडलं आणि माझ्या हातातला पट्टा पाहिला. मग बाजूला होऊन मला आत घेतलं.

"रविवारी शर्यतीवरून थेट तीनशेच्या पट्टीवर गेलो होतो," ते म्हणाले. "नवा पट्टा घेऊन. साखळी दहा मीटरची नाही, हे तिथं लक्षात आलं. मग जाऊन वळणाचा खिळा काढला."

"मग माझ्या तोंडावर सांगायचं. पोरांदेखत एवढं बोललो तुमाला."

"सांगून हिराला जागा मिळणार होती का? मी त्याच संध्याकाळी वसतिगृहाला फोन केला. सगळं सांगितलं, आकड्यांसकट. ते म्हणाले, घड्याळात जी वेळ लागली ती वेळ. रस्ता कमी असता तर रद्द केली असती, जास्त असेल तर आम्ही वजाबाकी करत नाही. नियमच तसा आहे." त्यांनी माझ्यापुढं खुर्ची सरकवली. "ती तुमच्या घरी राहते, तात्या. तुमच्या हातचं जेवते. मला वाटलं, राग करायचा तर तिनं माझा करावा. मी काय, लांबचा माणूस."

मी त्यांचा कागद फाडला आणि बिल्ला त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही.

गुरुवारी मी आळेफाट्याला गेलो. शेड पत्र्याची, चहूबाजूंनी उघडी. चाळीस-पन्नास बाया कांद्याच्या ढिगांभोवती बसून निवडत होत्या. लहान एका बाजूला, मोठा एका बाजूला, सडका मागं. उभ्यानं काम करणाऱ्या चार-पाच जणी भरलेली घमेली गाडीपर्यंत वाहत होत्या. त्यात हिरा होती. डोक्याला फडकं, पायात चप्पल.

"तात्या?" ती थांबली. "इथं कशाला आला? उन्हाचं."

"तुला सांगितलं व्हतं, आणून उभा करतो."

तिनं माझ्यामागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मग तिला कळलं, कारण तिनं घमेलं खाली ठेवलं.

मी सगळं सांगितलं. साखळी, आर, गुंठा, पावणेदोन मीटर. तिनं ऐकता ऐकता डोक्याचं फडकं सोडलं. शेवटी विचारलं, "म्हंजे मी आत व्हते?"

"व्हय. अकरा सेकंद."

"नक्की?"

"तीनदा मोजलं."

मला वाटलं ती रडेल, किंवा मला काहीतरी बोलेल. दोन्हींसाठी मी तयार होऊन आलो होतो. तिनं फडक्यानं तोंड पुसलं.

"रविवारपासनं रोज मनाला सांगत व्हते, हिरे, तू कमी पडलीस. एकोणीस सेकंद कमी. तुझी लायकी न्हाई, आता कांदं निवड." ती हळू बोलत होती. "ते जमत आलं व्हतं, तात्या. झोप लागाया लागली व्हती."

"चूक माझी हाय."

"व्हय. पण ती घेऊन मी काय करू?"

मुकादमानं हाक मारली. तिनं घमेलं भरलं, डोक्यावर घेतलं आणि गाडीकडं निघाली. रिकामं घेऊन परत आली. पुन्हा भरलं. माझ्याशी रुसलेली नव्हती, एका फेरीत म्हणालीसुद्धा, "बसा सावलीत. साडेबाराच्या गाडीनं जावा. डब्यात भाकर हाय, खाऊन घ्या."

मी सावलीत बसलो. छत्तीस वर्षांची सवय. समोर माणूस चालू लागलं की डोळे आपोआप अंतर मोजतात. ढिगापासून गाडीपर्यंत, गाडीपासून ढिगापर्यंत. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं आणि तरी मोजलं.

एक साखळी होती. दहा मीटर आणि वर पावणेसहा सेंटीमीटर. साडेबारा वाजेपर्यंत तिनं ती एकशे चौदा वेळा केली.